पाटीवर ‘गरजू’ नको : इंदूरच्या एका मंडळानं साहाय्य केंद्र कसं आखलं

२०२४चे गणपती उठले. मांडवाचे बांबू अजून चौकातच आडवे पडले होते आणि कार्यकारिणीच्या बैठकीत अध्यक्षकाकांनी खिशातून घडी घातलेला फुलस्केप काढला. त्यावर सतरा सेवा लिहिल्या होत्या. अन्नछत्र, औषधपेढी, रुग्णांच्या नातेवाइकांचा मुक्काम, शिवणवर्ग, समुपदेशन, वाचनालय असं करत करत सतरावी ‘इतर’. ‘पुढच्या वर्षी अहिल्यादेवींची त्रिशताब्दी आहे, ३१ मेला उद्घाटन उरकून टाकू,’ असं म्हणत त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. माझी नोकरी समाजकार्य शिकवण्यात गेलेली आणि मंडळाची मी सहचिटणीस, त्यामुळे असले कागद शेवटी माझ्याकडेच येतात.

त्या सतरांतल्या शेवटी साडेतीन उरल्या. कशा उरल्या ते लिहून ठेवते आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, जिथे जिथे आपली जुनी मंडळं आहेत तिथे वाडा असतो, सभागृह असतं, निवृत्त मंडळी असतात आणि ‘काहीतरी समाजोपयोगी करावं’ हा ठराव दर दोन वर्षांनी एकमतानं मंजूर होतो.

आमचा वाडा रामबागेच्या बाजूला, जुन्या मराठी वस्तीत. पुढे चौक, मग पाच पायऱ्या चढून ओटा, आत सभागृह. मागच्या अंगाला गल्लीत दार उघडणारी, जमिनीलगतची एक खोली. तिला सगळे ‘गणपतीची खोली’ म्हणतात, कारण वर्षाचे साडेअकरा महिने तिथे मखर, देखाव्याचे खांब, सतरंज्या आणि कुणीही फेकून न देणारा एक मोडका पेट्रोमॅक्स असतो. सभागृह मुंजी, साखरपुडे, बारशी यांना भाड्यानं जातं आणि मंडळाचं पोट त्यावरच चालतं. भोवतालची वस्ती मात्र पार बदलली. मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. घरांत एकेकटे आजी-आजोबा. मागच्या गल्ल्यांत निमाडातून, झाबुआ-अलीराजपूरकडून आलेली कुटुंबं. त्यांच्यातल्या बायका याच आजींकडे पोळ्या-भांड्यांना येतात.

मिलवाल्या काकू

काकांच्या फुलस्केपच्या आधी एक प्रसंग घडला होता, तो सांगायला हवा.

इंदूरच्या हुकुमचंद मिलचं नाव इथल्या प्रत्येक घरात कुठल्या ना कुठल्या दुःखाशी बांधलेलं आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली आणि कामगारांची देणी तीस वर्षांहून अधिक काळ अडकून राहिली. २५ डिसेंबर २०२३ला सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला, चार हजार आठशेच्या आसपास कामगारांसाठी. पण इतक्या वर्षांत कितीतरी कामगार वारले होते. आता पैसे यायचे ते बायकोला, मुलांना, आणि ते वारस आहेत हे कागदावर सिद्ध करून.

अशाच एक काकू मंडळात आल्या होत्या. नवरा मिलच्या खात्यात होता. लग्नाआधीचं नाव वेगळं, सासरी तांदळाच्या ताटात लिहिलेलं नाव वेगळं, आणि मिलच्या जुन्या कागदावर तिसरंच. त्यांनी विचारलं, ‘कोर्टात कुणी बरोबर येईल का?’ त्या दिवशी ऑफिसात जे होते त्यांनी मोठ्या मनानं पाचशे रुपयांचं पाकीट आणि प्रसादाचे लाडू दिले. काकूंनी लाडू घेतले. पाकीट टेबलावर पेपरवेटखाली ठेवून त्या निघून गेल्या. ते आमच्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी, हिशेब लावताना.

माझ्या दृष्टीनं आखणीचा पहिला दिवस तो. माणूस काय मागत होता आणि आपण काय देत होतो, हे एवढं स्वच्छ पुन्हा दिसलं नाही.

दारात स्टूल टाकून

समितीला मी एकच अट घातली: पंधरा दिवस काहीही जाहीर करायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही, फक्त दारात स्टूल टाकून बसायचं. खजिनदारकाका म्हणाले, ‘विचारायचं काय? तुम्हाला काय हवंय, हेच ना?’ ते तर मुळीच नको. तसं विचारलं की माणूस समोरच्याच्या ऐपतीचा अंदाज घेऊन उत्तर देतो. मंडळ दिसलं की ‘वर्गणी माफ करा’, पार्षद दिसला की ‘नळ द्या’. आम्ही प्रश्न ठरवला तो असा: गेल्या महिनाभरात कुठल्या कामासाठी तुमच्या एकापेक्षा जास्त चकरा झाल्या? एवढाच. माणसं हसायची आणि मग बसून सांगायची.

अन्नाचं नाव जवळजवळ कुणी काढलं नाही. यात नवल नव्हतं. इंदुरात पोटभर खायला घालण्याची हौस दांडगी. खजराण्याच्या गणपतीला अन्नक्षेत्र आहे, राज्य सरकारची दीनदयाळ रसोई २०१७पासून आहे आणि तिथलं ताट आता पाच रुपयांना मिळतं. सणावाराला तर रस्त्यानं चालताना भंडारा चुकवावा लागतो. आम्ही आणखी एक पंगत मांडली असती तर वर्तमानपत्रात फोटो आला असता, बस्स.

लोक बोलले ते कागदांबद्दल. समग्र आयडीची ई-केवायसी, बंद पडलेली पेन्शन, शाळेचा प्रवेश, एम.वाय. या मोठ्या सरकारी रुग्णालयात ‘उद्या या’. मध्य प्रदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: इथे प्रत्येक कुटुंबाचा आठ आकडी आणि प्रत्येक माणसाचा नऊ आकडी समग्र क्रमांक असतो, आणि जवळपास प्रत्येक सरकारी योजनेचं दार त्यानंच उघडतं. तो आधारशी जुळला नाही की सगळंच ठप्प. विधवांना इथे सरकारी भाषेत ‘कल्याणी’ म्हणतात. शब्द गोड आहे. त्यांची पेन्शन महिना सहाशे रुपये, आणि ती सहाशेसुद्धा एका अक्षरावर अडते.

त्या अक्षराबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आमच्या केंद्राचं अर्धं काम तेच निघालं. हिंदीच्या नेहमीच्या लिखाणात ‘ळ’ नाही. त्यामुळे काळे हे कुठे ‘काले’ होतात, कुठे ‘काडे’. इंग्रजी स्पेलिंगवरून परत देवनागरीत आले की ‘केल’सुद्धा होतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडे नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असा क्रम. इथला टाइप करणारा पोरगा मधलं नाव बाईचं आडनाव समजतो. त्यात बदललेलं सासरचं नाव. एकाच बाईच्या पाच कागदांवर पाच बायका असतात आणि प्रत्येक खिडकी दुसरीकडे बोट दाखवते.

मग लोक काय करतात? जो कागद हाताशी येईल तो दुरुस्त करत सुटतात. इथेच घात होतो. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून आधी सगळे कागद जमिनीवर ओळीनं मांडायचे, त्यांतला सगळ्यात दुरुस्त करायला अवघड कोणता ते ठरवायचं, बहुधा तो शाळेचा दाखला किंवा नवऱ्याचा मृत्यूचा दाखला असतो, आणि बाकीचे त्याला जुळवून घ्यायचे. ही रीत आम्हाला कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नाही. एका मोलकरणीनं शिकवली. ती तीन वर्षं चकरा मारून पक्की झाली होती.

दुपार कुणाची

वेळेवरून झालेलं भांडण सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या स्वयंसेवकांची वयं साठ ते अठ्ठ्याहत्तर. त्यांना सोयीची वेळ सकाळी दहा ते बारा: पोहे-जिलबी झालेली, अंगात उत्साह. दुपारी एक ते चार वामकुक्षी, त्यात तडजोड नाही. आणि ज्यांच्यासाठी केंद्र काढायचं त्या कामाच्या बायका मोकळ्या असतात त्या नेमक्या एक ते चार. सकाळी त्या आमच्याच स्वयंसेवकांच्या घरी भांडी घासत असतात.

तीन बैठका या एका मुद्द्यावर गेल्या. ‘रविवारी ठेवू’ असं सुचलं, तर रविवारी सरकारी कचेऱ्या बंद. शेवटी एका वहिनींनी वैतागून म्हटलं, ‘अहो, पगारी माणूस ठेवा की!’ आणि सभेत शांतता पसरली. आपल्या मंडळांत पगार हा शब्द सेवेत खोट असल्यासारखा ऐकला जातो. सेवा म्हणजे फुकट. पण फुकट म्हणजे आपल्या सोयीनं, हे त्या बैठकीत सगळ्यांना एकदम कळलं असावं, कारण ठराव विरोधाशिवाय झाला.

ठेवली ती मागच्याच गल्लीतली, बारावी झालेली, हिंदी-निमाडी बोलणारी मुलगी. आजींकडे कामाला येणाऱ्या आईबरोबर लहानपणापासून येत असल्यानं मराठी तिला समजतं, बोलते मात्र लाजत लाजत. तीच ती कागद मांडण्याची रीत सांगणाऱ्या बाईची लेक. लोक तिला ‘कागजवाली दीदी’ म्हणतात. केंद्राचं आम्ही ठेवलेलं नाव कुणालाच माहीत नाही.

मग स्वयंसेवकांनी करायचं काय? सोबत. ज्यांना जमेल त्यांनी आठवड्यातून एक सकाळ द्यायची आणि एका माणसाबरोबर एका ठिकाणी जायचं. एम.वाय.ची ओपीडी, झोन ऑफिस, बँक, कोर्ट. मंगळवारी मोती तबेल्यात कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, त्या दिवशी टेबल बंद आणि दीदी तिकडे. निवृत्त माणसाच्या पांढऱ्या केसांना खिडकीवर जो मान मिळतो तो कामवाल्या बाईला मिळत नाही. हे काही चांगलं नाही, पण आहे, आणि जोवर आहे तोवर वापरायला काय हरकत? आमचे एक काका आयुष्यभर बँकेत खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. ते म्हणतात, बाहेरून ती केवढी उंच असते हे आत्ता कळलं.

लाज

मंडळात मदत मागायला यायची तर ओट्याच्या पाच पायऱ्या चढून, चहा पीत बसलेल्या चार ओळखीच्या माणसांसमोरून जायचं. मराठी मध्यमवर्गातला गरीब माणूस ते कधी करत नाही. तो उपाशी राहील, पण ‘आमचं छान चाललंय’ म्हणेल. पाटीचा मसुदा झाला होता ‘गरजूंसाठी साहाय्य केंद्र’. मी तो मागच्या वाड्यातल्या एका आत्यांना दाखवला. त्यांचे यजमान गेले, मूल नाही, भाडं थकलेलं. त्या मला म्हणाल्या, ‘बाई गं, हे लिहिलंस तर मी त्या गल्लीतूनसुद्धा जाणार नाही.’

दुसरीकडे ज्ञातीचा प्रश्न. वाड्याच्या जुन्या बक्षीसपत्रात ‘ज्ञातिबांधव’ हा शब्द. दोन ज्येष्ठांचं म्हणणं पडलं की आधी आपली माणसं, मग जमलं तर बाकीची. वाद तत्त्वावर गेला असता तर आजही चालूच असता. तो सोडवला आमच्या सी.ए.नं, दोन वाक्यांत: देणग्यांवर आयकराची ८०-जीची सवलत हवी असेल तर संस्था एखाद्या विशिष्ट जातीच्या किंवा धर्मसमुदायाच्या भल्यासाठी आहे असं लिहून चालत नाही. आणि देणगीदाराला ती पावती हवीच असते. तत्त्वापेक्षा पावतीनं माणसं लवकर उदार होतात, असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे. बक्षीसपत्राशी खेळायचं नव्हतं, म्हणून वकिलांकडून ते वाचून घेतलं आणि साधारण सभेत संस्थेच्या उद्देशांत दुरुस्ती मांडून फर्म्स अँड सोसायटीजच्या रजिस्ट्रारकडे पाठवली. सहा महिने त्यातच गेले. ज्यांच्या मनात असलं काही असेल त्यांनी हे काम शेवटी ठेवू नये, पहिल्या दिवशी सुरू करावं.

लाजेचं कोडं सुटलं ते आमच्या हुशारीनं नव्हे. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस आयुष्मान योजनेत सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं उपचारांचं छत्र मिळू लागलं. आता निवृत्त प्राध्यापकांनाही कार्ड हवं आणि त्यांच्याकडे धुणं करणाऱ्या बाईच्या सासूलाही. अंगठा दोघांचाही लागत नाही, कारण म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात. ओटीपी दोघांनाही दिसत नाही. एका बाकावर दोघं शेजारी बसलेली पाहिली आणि मला कळलं की केंद्राची सुरुवात याच कामानं करायची. पहिल्यांदा जे काम घेऊन आलात ते काम सगळ्यांचंच होतं, त्यात मागणं आलं कुठे? भाड्याच्या आत्याही आल्या त्या कार्डासाठीच. थकलेल्या भाड्याचं बोलल्या तिसऱ्या खेपेला. (ज्यांना केंद्र सरकारच्या सीजीएचएससारखी आरोग्यसोय आधीच आहे त्यांना दोहोंतलं एक निवडावं लागतं. हे आधी विचारून घ्यायला आम्ही थोडं चुकत चुकत शिकलो.)

पाटीवर शेवटी लिहिलं: ‘कागद, कार्ड, सोबत. दुपारी १ ते ४.’

पायऱ्यांचं गणित

समितीतल्या दोघा अभियंत्यांना सभागृहच हवं होतं: हवेशीर, पंखे आहेत, वर अहिल्याबाईंची तसबीर. मी पायऱ्या मोजल्या. पाच पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे तीस इंच उंची. चाकाच्या खुर्चीचा उतार एकास बारा धरतात, म्हणजे तीस फूट लांब उतार. आमचा चौक अठरा फूट. उतार वळवून घ्यायचा तर मधे सपाट टप्पा, कठडा, आणि विहिरीचा काठ तोडायचा. शिवाय लग्नसराईत सभागृह आठवड्यातून चार दिवस भाड्यानं गेलेलं. पेन्शनचं विचारायला आलेल्या बाईला वाजंत्री पार करून आत यायचं?

गणपतीची खोली जमिनीलगत होती आणि दार मागच्या गल्लीत. कोण आलं, कोण गेलं, ओट्यावर बसलेल्यांना दिसत नाही. अंधारी आहे, खरंय. खिडकी मोठी केली, कमोड बसवलेलं न्हाणीघर जोडलं, त्याचं दार बाहेर उघडणारं ठेवलं, म्हणजे आत कुणी पडलंच तर दार अडत नाही. एका कोपऱ्यात प्लायवूडचा आडोसा, बोलायला. टेबलाची जागा अशी की बसणाऱ्याची पाठ दाराकडे असेल. सगळ्या खर्चात सर्वांत मोठी रक्कम न्हाणीघराची होती. ती बघून खजिनदारकाका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

काय करायचं नाही

सतरातलं एकेक काढताना प्रत्येक वेळी कुणाचं तरी मन मोडत होतं. औषधपेढी काढली, कारण उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या गोळा करणं सोपं, पण त्या कुणाला द्यायच्या हे ठरवायला फार्मासिस्ट लागतो आणि आमच्याकडे तो नव्हता. शिवणवर्ग काढला, कारण शेजारच्या वस्तीत दोन होते. समुपदेशन स्वतः करण्याचा मोह मी मोडून काढला. ऐकून घेणं आणि उपचार यांत फरक आहे. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी सरकारी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं. तो लावून द्यायचा आणि बोलणं होईपर्यंत शेजारी बसायचं. भिंतीवर तसे पाच क्रमांक लिहिले: मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, महिलांसाठी १८१, कायदेशीर मदतीला १५१००, आणि हा. रंगवण्याआधी प्रत्येक क्रमांक आम्ही स्वतः लावून बघितला. किती वेळानं उचलतात, काय विचारतात, पुढे कुठे पाठवतात, सगळं वहीत टिपलं.

सगळ्यात जड गेलं ते मुक्कामाचं. एम.वाय.च्या आवारात रात्री चादरी टाकून झोपलेली निमाडातली कुटुंबं कुणाही इंदुरी माणसानं पाहिलेली आहेत. अध्यक्षकाकांच्या मनात खरं तेच होतं. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत धर्मशाळा बांधल्या आणि आपण तिच्या गावात दोन गाद्या टाकू शकत नाही? काका हे बोलले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्याकडे उत्तर होतं ते रूक्ष होतं: रात्रीचा माणूस कोण, बायकांची वेगळी सोय कुठे, आग लागली तर दुसरं दार कुठलं, कुणी आजारी पडलं तर जबाबदार कोण. चारांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. मी विरोधात मत दिलं. आजही त्या रस्त्यानं रात्री जाताना मला ते आठवतं आणि माझं मत चुकलं असं मात्र वाटत नाही.

उरलं काय? टेबल, सोबत, आणि उसनं साहित्य: वॉकर, कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची, पाण्याची गादी. प्रत्येक मराठी घराच्या माळ्यावर यांतलं काहीतरी असतंच. अनामत नाही, फक्त वहीत नाव. आणि एक नियम, जो एका काकूंनी घातला आणि जो मला कुठल्याही पुस्तकात सापडला नसता: घरात माणूस गेलं तर तेरावं होईपर्यंत वस्तूसाठी फोन करायचा नाही. हल्ली बहुतेक वेळा लोकच चौदाव्या दिवशी आणून देतात, धुऊन पुसून.

अर्धी सेवा म्हणजे कायदेशीर मदत. अर्धी, कारण आम्ही फक्त दारापर्यंत नेतो. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार अशा कितीतरी जणांना मोफत वकील मिळतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना, बायकांना तर नक्कीच, उत्पन्नाची अट नाही. हे वस्तीत कुणालाही माहीत नव्हतं. मिलवाल्या काकूंनाही नव्हतं, आणि त्यांना तर बाई म्हणूनच हक्क होता.

पैसा आणि अमेरिका

एका सभासदाच्या न्यू जर्सीतल्या मुलानं दीदीचा वर्षभराचा पगार पाठवायची तयारी दाखवली. सगळे खूश. सी.ए.नं पुन्हा पाणी टाकलं: मुलगा अमेरिकेचा नागरिक झालेला आहे, म्हणून त्याचा पैसा विदेशी अंशदान ठरतो, आणि २०१०च्या एफसीआरए कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना आपल्याला तो घेता येत नाही, रुपयांत दिला तरीही. परदेशात राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या कमाईतून दिलं असतं तर चाललं असतं. मुलाला हे अपमानास्पद वाटलं. त्याला समजावण्यात त्याच्या आईचा एक आठवडा गेला. मग सभागृहाच्या भाड्यात प्रत्येक कार्यामागे थोडी वाढ करून ती रक्कम दीदीच्या मानधनासाठी वेगळी काढायची असं ठरलं. लोकांनी कुरकुर केली, दिली.

कागदांबाबत एक शिस्त सुरुवातीलाच घातली आणि ती सैल होऊ दिली नाही: आधारची झेरॉक्स केंद्रात ठेवायची नाही, मोबाइल हातात घ्यायचा नाही, ओटीपी ज्याचा त्यानं टाकायचा. दिसत नसेल तर मोठ्या अक्षरात करून दाखवायचा. वहीत फक्त नाव, काम, पुढची तारीख. विश्वासाच्या जागीच फसवणूक आधी शिरते, आणि मंडळाच्या नावावर कुणाचं खातं रिकामं झालं तर चाळीस वर्षांचे गणपतीसुद्धा आम्हाला वाचवणार नाहीत.

चुकलं ते

३१ मे २०२५ची तारीख आम्ही गाठली नाही. त्या दिवशी इंदुरात मेट्रो सुरू झाली, त्रिशताब्दीचे कार्यक्रम झाले, आमच्या खोलीत न्हाणीघराच्या फरशा उघड्या होत्या. काका रुसले. केंद्र सुरू झालं पावसाच्या तोंडावर, नारळ फोडून, पाहुण्यांशिवाय.

पहिल्या महिन्यातच एक चूक झाली. दीदी सुट्टीवर होती आणि आमच्यातल्याच एका उत्साही गृहस्थांनी एका बाईचं आधारवरचं नाव ‘शुद्ध मराठीत’ दुरुस्त करवून आणलं. ते पासबुकाशी जुळेना, पेन्शन थांबली. दोन संधींतली एक गेली, ती आमच्यामुळे. गृहस्थ स्वतः तिच्याबरोबर चार ठिकाणी फिरले आणि शेवटी नाव पुन्हा जुन्या, चुकीच्या, पण सगळीकडे सारख्या रूपात आणलं. त्या बाईला आता नेहमीच्या मार्गानं नावाची दुरुस्ती उरली नाही. तेव्हापासून दीदी नसेल त्या दिवशी टेबलावर कुणीही अर्ज भरत नाही, फक्त नाव टिपून घेतो.

सोबतीला आधी पंधरा नावं होती. श्राद्धपक्ष, दिवाळी, मुलांकडे वाऱ्या असं होत होत सात राहिली. सात पुरतात. पंधरा असताना कोण जाणार यावर फोन व्हायचे.

मिलवाल्या काकूंचं काम अजून चालू आहे. वकील मिळाला, तीन नावांचं एक नाव झालं, पण धाकटा मुलगा सुरतेत असतो आणि सहीसाठी त्याला सुट्टी मिळत नाही. पुढची तारीख पडली की बँकेतले काका बरोबर जातात. काकूंना त्यांच्या चालण्याचा वेग आवडत नाही, तसं त्यांनी मला सांगितलंय.

आणि मखर. गणपतीच्या खोलीतून निघालेलं सामान आम्ही गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवलं होतं. ते २०२५च्या पावसात भिजलं आणि भाद्रपदात उघडलं तेव्हा सोनेरी कागद हातात सुटून येत होता. साधारण सभेत त्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी केंद्राच्या साऱ्या आखणीवर झाली नव्हती. गणपती त्या वर्षी केळीच्या खुंटांत बसले. उरलेले खांब सध्या अध्यक्षकाकांच्या गॅलरीत आहेत. वहिनी दर आठवड्याला विचारतात, हे कधी हलवणार?